रोजा, गोळी आणि मनाचा आजार

रमजान जवळ आला की मधुमेहाच्या डॉक्टरांकडे रोजेदारांची गर्दी होते. इन्सुलिन कधी घ्यायचे, सहेरीला काय खायचे, साखर किती उतरली तर रोजा सोडायचा, हे विचारायला लोकांना आता संकोच वाटत नाही. काही मशिदींत जुम्म्याच्या बयानातही त्याबद्दल चार शब्द सांगितले जातात. मनाच्या डॉक्टरांकडे मात्र अशी गर्दी दिसत नाही. तिथले रुग्ण कोणालाच विचारत नाहीत. शाबान महिना संपत आला की गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि ईद झाल्यावर बाहेर येते. कधी येतही नाही.

माझ्या थोरल्या मामूंचे असेच झाले. मिरजेत त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. मिरज हे दवाखान्यांचे गाव, तसेच मीरासाहेबांच्या दर्ग्याचेही. कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसे येतात ती एका फेरीत दोन्ही ठिकाणी जाऊन येतात. अशा गावात वाढूनही आमच्या घराला दवा आणि दुआ यांची सांगड घालता आली नाही.

2010 चा रमजान ऑगस्टमध्ये आला होता. मामूंना त्याआधी सहा-सात वर्षांपासून बायपोलर आजार होता. काही महिने मन पार बुडालेले आणि मध्येच काही आठवडे ते आभाळाला टेकलेले, असा हा आजार. लिथियमच्या गोळ्यांवर ते ठीक होते, धंदा व्यवस्थित चालला होता. पहिल्याच रोज्याला त्यांनी गोळ्या बंद केल्या. "अल्लाहसाठी भुकेल्या राहणाऱ्याला गोळी कशाला लागते?" असे ते मामीला म्हणाले आणि मामीलाही त्यात काही वावगे वाटले नाही. शिंप्याचा धंदा, त्यात ईदची शिलाई. रात्रीची तरावीहची नमाज झाली की दुकान, दुकानातून उठून सहेरी, मग फजर आणि पुन्हा दुकान. दहाव्या रोज्यापर्यंत ते दोन तासही झोपत नव्हते, आणि थकतही नव्हते.

मोहल्ल्यात कौतुक सुरू झाले. यंदा मास्तरांवर अल्लाहची खास मेहेरबानी आहे, असे लोक म्हणू लागले. मामूंनी गल्ल्यातले पैसे जकात म्हणून वाटले. पैसे संपल्यावर गिऱ्हाइकांचे कापड वाटले. लोकांना सहेरीला उठवायला ते रात्री दीडलाच डबा बडवत निघायचे. एकविसाव्या रात्री त्यांनी जाहीर केले की आपल्याला शबे-कद्र दिसली आणि आपल्यावर एक काम सोपवले गेले आहे. चोविसाव्या रोज्याला चौघांनी धरून त्यांना दवाखान्यात नेले.

इबादत कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला, हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही. कळू शकले असते अशी दोन माणसे गावात होती. एक त्यांचे डॉक्टर, दुसरे मशिदीचे पेशइमाम. डॉक्टरांना मामू रोजे ठेवतात हे ठाऊक नव्हते आणि पेशइमामांना मामू गोळ्या घेतात हे ठाऊक नव्हते.

पुढचे दोन वर्षांचे हाल सविस्तर सांगत बसत नाही. दवाखान्यात भरती असताना एका डॉक्टरांनी सर्वांसमोर ऐकवले, "आधी ते रोजे-बिजे बंद करा, धर्मानेच यांना वेड लावलंय." मामूंनी ते ऐकले. घरी आल्यावर त्या दवाखान्याची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. मग नातेवाइकांनी एका आमिलाकडे नेले. त्याने जिन्नाची बाधा सांगितली, तावीज दिले, पैसे घेतले आणि गोळ्यांनी डोक्यात उष्णता चढते म्हणून उरल्यासुरल्या गोळ्याही बंद करायला लावल्या. दुकान गेले. एका बाजूला ईमानची टिंगल करणारा उपचार आणि दुसऱ्या बाजूला उपचाराची टिंगल करणारी 'ईमानदारी', या दोन दगडांमध्ये एक चांगला कारागीर भरडला गेला.

हे सारे आज आठवायचे कारण असे की, मानसोपचारात अध्यात्माला जागा असावी का, ही चर्चा सध्या जोरात आहे. मोबाइलच्या ॲपवर ध्यान विकत मिळते. कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी श्वासाचे वर्ग भरवतात. यूट्यूबवर रुकय्याचे, म्हणजे आयती पढून दम करण्याचे, व्हिडिओ धो-धो वाहत आहेत. 'इस्लामी समुपदेशक' अशी पाटीही दिसू लागली आहे. या गलक्यात मूळ मुद्दा हरवतो. धर्माने आजार बरा होतो की नाही, यावर भांडून फारसे काही निघणार नाही. रुग्ण खुर्चीवर येऊन बसतो तेव्हा त्याचा अल्लाह, त्याचा विठ्ठल, त्याचा बुद्ध त्याच्याबरोबर आत आलेलाच असतो. समोरचा डॉक्टर त्याबद्दल विचारतो की नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

बराच काळ विचारत नव्हता, हे खरे आहे. फ्रॉइड यांनी 1927 साली धर्म हा एक भ्रम आहे असे मांडणारे पुस्तक लिहिले आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्याच चष्म्यातून पाहत राहिल्या. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस मराठी वाचकाला परके नाहीत, कि. मो. फडके यांनी त्यांचे विचार आपल्याकडे घरोघरी पोहोचवले. हे एलिस पक्के नास्तिक. कडव्या धार्मिकतेला ते मानसिक बिघाडाच्या पंगतीत बसवत. पण त्याच एलिस यांनी उतारवयात, 2001 साली, धर्म मानणाऱ्या रुग्णांवर त्यांच्या श्रद्धेच्या चौकटीत राहून उपचार कसे करावेत यावर दोन सहकाऱ्यांबरोबर पुस्तक लिहिले. ते स्वतः श्रद्धाळू झाले नव्हते. रुग्ण श्रद्धाळू आहे, एवढे त्यांनी मान्य केले होते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

संस्थाही हळूहळू बदलल्या. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1994 साली 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा वेगळा प्रकार आला. श्रद्धेबद्दलची तगमग म्हणजे आजारच असे नाही, हे त्यातून मान्य झाले. 2016 मध्ये जागतिक मानसोपचार संघटनेने भूमिका जाहीर केली की, रुग्णाची श्रद्धा आणि धर्माचरण यांची माहिती घेणे हा तपासणीचाच भाग असावा. आणि त्याच दमात असेही बजावले की डॉक्टरांनी आपल्या खुर्चीचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये, तसाच श्रद्धा मोडण्यासाठीही करू नये.

मागच्या दाराने तर अध्यात्म केव्हाच आत आले होते. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बौद्ध ध्यानपद्धतीतला धर्म बाजूला ठेवून ताण हलका करण्याचा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आज जगभरच्या दवाखान्यांत ते 'माइंडफुलनेस' म्हणून चालते. आपल्या इगतपुरीत विपश्यनेला हजारो लोक जातात, त्यांत मुसलमानही असतात. तिथली एक शिस्त मला आवडते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला येऊ नका, असे तिथे आधीच सांगतात. ध्यानाचीही मात्रा असते आणि ती प्रत्येकाला मानवतेच असे नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे इतिकाफला बसणाऱ्याला, म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीतच मुक्काम करणाऱ्याला, असे कोणी विचारल्याचे मी पाहिलेले नाही.

मग याचा उपयोग किती होतो? अभ्यास आहेत, आणि त्यांचे उत्तर भक्तांना वाटते तेवढे घवघवीत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरॉल्ड कोनिग आणि सहकाऱ्यांनी शारीरिक आजाराबरोबर डिप्रेशन असलेल्या 132 जणांवर एक चाचणी केली. ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना नेहमीची विचार बदलणारी थेरपी दिली, अर्ध्यांना तीच थेरपी त्यांच्या धर्मातली वचने आणि प्रार्थना यांच्या आधाराने दिली. त्यासाठी ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच धर्मांच्या पुस्तिका तयार केल्या होत्या. दोन्ही गटांत डिप्रेशन सारखेच उतरले. जे मुळात जास्त धार्मिक होते त्यांना धर्माधारित थेरपीचा थोडा अधिक फायदा झाला. चमत्कार काही घडला नाही. पण ज्याला नमाजाची भाषा कळते त्याच्याशी त्या भाषेत बोलले तर उपचार बिघडत नाही, उलट तो टिकण्याची शक्यता वाढते, एवढे नक्की म्हणता येते. आमच्या मामूंसाठी एवढेही पुष्कळ होते.

याची दुसरी बाजू आपल्या मोहल्ल्यांत कोणी बोलत नाही. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी धर्माचा आधार दोन प्रकारचा असतो असे दाखवले. संकटात एक माणूस म्हणतो, अल्लाह माझ्याबरोबर आहे. दुसरा म्हणतो, अल्लाहने मला टाकले, ही माझ्या गुनाहांची सजा आहे. पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी सुमारे 600 आजारी ज्येष्ठांची दोन वर्षे नोंद ठेवली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या मनात देवाने टाकल्याची भावना होती त्यांच्यात मृत्यूचा धोका काहीसा जास्त आढळला. म्हणजे श्रद्धा तारते तशी रुततेही. ती कोणत्या बाजूने काम करते आहे, हे विचारल्याशिवाय कळायचे कसे?

आपल्याकडे ती कशी रुतते, ते मी रोज ऐकतो. डिप्रेशनच्या माणसाला सर्वात आधी मिळणारा सल्ला असतो, "तुमचं ईमान कमजोर झालंय, नमाज वाढवा." अंथरुणातून उठायचे बळ नसलेल्या माणसावर आणखी एका अपराधाचे ओझे! असे सांगणाऱ्यांनी सूरह यूसुफ एकदा नीट वाचावी. हजरत याकूब (अलै.) पैगंबर होते, आणि मुलाच्या वियोगात रडून रडून त्यांचे डोळे गेले. कुरआनने त्यांच्या दुःखाला ईमानची कमतरता म्हटलेले नाही. हजरत मरियम यांनी प्रसववेदनांत, यापेक्षा आधीच मरून गेले असते तर बरे, असे म्हटल्याचे कुरआनमध्येच आले आहे. त्यावर फटकार आली नाही. पाणी आणि ताजी खजूर आली. पत्नी हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब एकाच वर्षी गेले, तेव्हा ते वर्ष इतिहासाने 'दुःखाचे वर्ष' म्हणून नोंदवले. प्रेषित मुहंमद (स.) आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या, मृत्यूवर रडले. ही उदाहरणे आमच्या इमामांना तोंडपाठ असतात. ती मुहर्रमला, मिलादला सांगितली जातात. डिप्रेशनने खचलेल्या माणसाच्या घरी गेल्यावर मात्र ती आठवत नाहीत.

'सब्र' हा असाच एक शब्द. नवऱ्याचा मार खाणाऱ्या, झोप उडालेल्या बाईला सब्र करायला सांगणे म्हणजे अध्यात्म नव्हे. तिथे आधी मार थांबला पाहिजे. मानसोपचारात धर्म आणताना हा धोका सतत समोर ठेवावा लागेल, कारण बाईचे तोंड बंद करायला धर्मासारखे सोयीचे काही सापडत नाही, मग धर्म कोणताही असो.

उपचार आणि दीन हातात हात घालून कसे चालू शकतात, याचे मला सर्वात पटलेले उदाहरण वसवशाचे आहे. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, तो आमच्या घरांत बहुतेक वेळा वजूच्या नळावर प्रकट होतो. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याला वजू म्हणतात. माझ्या माहितीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी एका वजूला पाऊण तास लावायची. कोपर कोरडे राहिले असेल, शिंतोडा उडाला असेल, म्हणून पुन्हा सुरुवात. नमाजची नियतही दहा-दहा वेळा. हिंदू घरांत सोवळ्याच्या निमित्ताने हाच आजार दिसतो, हे मला माझ्या शेजारणींनी सांगितले आहे. घरच्यांना आधी वाटते, पोर फार पाक राहते.

या आजाराची थेरपी सोपी आहे असे नाही, पण तिचे तत्त्व सरळ आहे. भीती वाटत असताना धुणे थांबवायचे, बेचैनी सहन करायची, ती आपोआप उतरते हे शरीराला शिकवायचे. डॉक्टर म्हणाले, तीनदा धुऊन थांबायचे. मुलगी म्हणाली, मग माझी नमाज होणार नाही, तुम्ही मला गुनाह करायला सांगता आहात. येथे गाडी अडली. डॉक्टर कितीही हुशार असले तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या शास्त्रात नाही. मुलीच्या वडिलांनी एका मुफ्तींना विचारले. त्यांनी सांगितले की, वजूत प्रत्येक अवयव तीनदा धुणे ही सुन्नत आहे आणि त्यापुढे जाणाऱ्याने हद्द ओलांडली, असे हदीसमध्येच आले आहे. शिवाय शरीअतचा सर्वमान्य नियम आहे की खात्री केवळ शंकेने रद्द होत नाही. वजू केल्याची खात्री असेल तर तो तुटल्याच्या नुसत्या शंकेकडे लक्ष द्यायचे नाही. म्हणजे डॉक्टर सांगत होते तेच दीन सांगत होता. मुफ्तींनी मुलीला कागदावर लिहून दिले. तो कागद नळापाशी चिकटवून तिची थेरपी पुढे सरकली. दोन वर्षांत ती बरीच सावरली. त्या मुफ्तींनी थेरपी केली नाही आणि डॉक्टरांनी फतवा दिला नाही.

हे नवे नाही, असे सांगायचा मोह होतो. बल्ख शहरचे अबू जैद अल-बल्खी इसवी सन 934 मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, मनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या वैद्यांना बोल लावले, आणि कारण असलेले दुःख व कारण नसलेले दुःख यांत फरक केला. वसवशावरही त्यात वेगळी चर्चा आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी 2013 मध्ये त्यातला मनाचा भाग इंग्रजीत आणला. हे वाचून अभिमान वाटतो, जरूर वाटावा. पण हजार वर्षांपूर्वीच्या बल्खमध्ये जे ठाऊक होते ते आज माझ्या मोहल्ल्यात ठाऊक नाही, याचे काय करायचे? पूर्वजांच्या पुस्तकाने मामूंचे दुकान वाचले नाही.

आता दर्ग्यांकडे येतो. दर्ग्यावर जावे की नाही, हा आमच्यातला जुना वाद आहे. तो येथे काढत नाही. लोक जातात, आणि मनाच्या आजारासाठी सर्व धर्मांचे लोक जातात, जसे ते गाणगापूरला जातात, राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीला जातात. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याभोवती खासगी 'मनोरुग्ण निवास' उभे राहिले होते. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, पळू शकले नाहीत. 28 जण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, असे निवास बंद झाले. आज 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95 नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि जो त्यांच्या खुनानंतर आला, तोही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा ठरवतो. आमच्यातले काही लोक या कायद्याकडे संशयाने पाहतात. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी तो एकदा वाचावा.

बंदीने साखळी सुटते, पण माणूस दर्ग्यावर जायचा थांबत नाही. गुजरातने हे ओळखले. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. बाधा उतरवण्यासाठी तो दूरवर प्रसिद्ध आहे. 2008 पासून तिथे 'द अल्ट्रुइस्ट' ही संस्था आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी 'दवा-दुआ' प्रकल्प चालवला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली. मुजावरांशी भांडण मांडले नाही, त्यांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. मुजावर दुआ करतो आणि म्हणतो, आता त्या खोलीत डॉक्टर बसले आहेत, त्यांना दाखव, गोळी दिली तर घे. मुजावराने सांगितलेली गोळी माणूस घेतो! पुढे एरवाडीलाही दवा-दुआची ही वाट सरकारी पातळीवर धरली गेली. यात मुजावरांचे उत्पन्न, त्यांची प्रतिष्ठा, कोणाला किती श्रेय, असे गुंते असणारच. तरी महाराष्ट्रात इतके दर्गे, इतकी देवस्थाने असताना आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही वाट ठळकपणे धरल्याचे मला दिसत नाही, याची खंत वाटते.

गरज केवढी आहे ते आकडे सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते; आजारागणिक हे प्रमाण 70 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान होते. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. मशीद मात्र प्रत्येक मोहल्ल्यात आहे आणि तिथे दिवसातून पाच वेळा माणसे जमतात. इमामांना डॉक्टर करायचे नाही. झोप उडाली आहे का, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येतात का, गोळ्या चालू आहेत का, एवढे विचारायला आणि योग्य जागी पाठवायला शिकवले तरी मोठे काम होईल. सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वजूखान्याच्या भिंतीवर लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

डॉक्टरांच्या बाजूनेही तेवढेच करायचे आहे. रुग्णाला विचारायचे: तुम्ही काही मानता का, त्याने बरे वाटते की ओझे वाटते, मी तुमच्या इमामांशी किंवा महाराजांशी बोललो तर चालेल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण परवानगीशिवाय मोहल्ल्यात एक शब्द गेला तरी मुलीचे लग्न मोडते. आणि रुग्ण 'मी काही मानत नाही' म्हणाला तर विषय तिथेच संपला पाहिजे. नाव मुसलमानी आहे म्हणून त्याला आयती ऐकवायच्या नाहीत. धर्माच्याच नावाने ज्याचा छळ झाला आहे, अशा मुलाला किंवा मुलीला धर्म हे औषध म्हणून देणे क्रूरपणाचे होईल.

या महिन्यापुरते काही व्यावहारिक. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे आणि ती कुरआनने स्वतः सूरह बकराहमध्ये दिलेली आहे. मनाचा आजार हा आजारच आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढता येतात. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवण, म्हणजे फिद्या, द्यायचा असतो. काही औषधे दिवसातून एकदाच असतात, ती इफ्तारनंतर घेता येतात आणि रोजाही होतो. काहींच्या वेळा बदलणे धोक्याचे असते. लिथियम तर फार जपून हाताळायचे औषध. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातली त्याची पातळी वाढू शकते. हे ठरवायचे डॉक्टरांनी, शाबानमध्येच. मोरोक्कोत लिथियम घेणाऱ्या 20 बायपोलर रुग्णांवर रमजानमध्ये नजर ठेवली तेव्हा 45 टक्के रुग्णांचा आजार उलटला, बहुतेकांचा दुसऱ्या आठवड्यात, आणि गोळीची रक्तातली पातळी बिघडलेली नव्हती. अभ्यासकांचे बोट झोपेकडे आणि बदललेल्या दिनक्रमाकडे गेले. याउलट पाकिस्तानातल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांची प्रकृती रमजानमध्ये बिघडली नाही. म्हणून सरसकट 'रोजा ठेवूच नका' म्हणणारा डॉक्टर चुकतो आणि 'काही होत नाही, अल्लाह आहे' म्हणणारा नातेवाईकही. मामूंचाही तोल दुसऱ्याच आठवड्यात गेला होता. मोरोक्कोचा तो अभ्यास मी पुष्कळ नंतर वाचला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

2012 मध्ये मामूंना एक नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या. हिंदू आहेत, वयाने मामूंपेक्षा लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "मास्तर, नमाज पढता का? कोणत्या वेळची सर्वात आवडते?" मामू तोपर्यंत मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "फजरची. तेव्हा मशीन बंद असतं." मग ते बोलत राहिले. मामूंची परवानगी घेऊन बाईंनी आमच्या पेशइमामांना बोलावून घेतले. झोप मोडली की हा आजार उसळतो, हे त्यांना समजावले. पेशइमाम घरी आले आणि मामूंना म्हणाले, "भाईजान, तुमचा रोजा ही गोळी आहे. ती चुकवलीत तर अमानत मोडलीत." जीव ही अल्लाहची अमानत आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. गोळीच्या संदर्भात ते पहिल्यांदाच ऐकले.

मामू आता दुसऱ्याच्या दुकानात कापड बेततात, ईदच्या दिवसांतही रात्रपाळी करत नाहीत. तरावीह घरीच, जमेल तेवढी पढतात. सहेरीला उठत नाहीत. मामी आवाज न करता उठते आणि दार ओढून घेते. यंदाच्या फिद्याचे पैसे त्यांनी चंद्र दिसायच्या आधीच मोजून पाकिटात ठेवले आहेत. मगरिबची अजान झाली की सर्वांबरोबर दस्तरखानावर बसतात, खजूर फोडतात, भज्यांवर टीका करतात. साडेनऊला गोळी. अधूनमधून फजरनंतर पेशइमामांचा फोन येतो. ते सलाम करून एवढेच विचारतात, "मास्तर, झोप लागली का?"